दुसऱ्यांच्या यादवीत आपलं सैन्य

४ जून १९८७ रोजी भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी श्रीलंकेतल्या जाफना भागावर मदतीचं सामान टाकलं. धान्य आणि औषधं मिळून सुमारे २५ टन, पॅराशूटला बांधून. सोबत संरक्षणाला मिराज-२००० लढाऊ विमानं होती. आदल्याच दिवशी भारतानं होड्यांमधून मदत पाठवून पाहिली होती, ती श्रीलंकेच्या नौदलानं समुद्रातूनच परत फिरवली होती. श्रीलंकेच्या लष्करानं घेरलेल्या त्या टापूत लाखो तमिळ राहत होते. २५ टनांत त्यांचं एका वेळचंही भागलं नसतं, आणि हे दिल्लीला ठाऊक नव्हतं असं नाही. पोती जाफन्यात पडली, निरोप कोलंबोला पोचला.

दिल्लीनं याला मानवतेची मदत म्हटलं. कोलंबोनं याला आपल्या सार्वभौमत्वावरचा घाला म्हटलं. दोघंही खरं बोलत होते. पुढच्या चार महिन्यांत भारतीय सैन्य त्याच जाफन्यात घरोघर लढत होतं, आणि तेही श्रीलंकेच्या लष्कराशी नव्हे तर तमिळांच्या नावानं लढणाऱ्या एलटीटीईशी.

हे कसं झालं ते पुढे येईलच. पण दुसऱ्या देशातल्या यादवीत परक्या सैन्यानं उतरावं की नाही, हा वाद जेव्हा जेव्हा पेटतो तेव्हा मला ती पाच विमानं आठवतात. या वादात दोन्हीकडे एकेक वाक्य तयार असतं. ‘तिथे माणसं मरताहेत आणि आपण नुसतं बघत बसायचं?’ हे एक. ‘त्यांच्या घरचं भांडण आहे, आपण कशाला नाक खुपसायचं?’ हे दुसरं. दोन्ही वाक्यं प्रामाणिक असू शकतात. पण दोन्ही बोलणारे असं धरून चालतात की भांडण एकीकडे आहे आणि आपण दुसरीकडे, काठावर. तसा काठ यादवीत सहसा नसतो. शस्त्र घेऊन आत गेलेला मदतनीस मग मदतनीस राहत नाही, तो पक्षकार होतो. कधीकधी पक्षकार व्हावंही लागतं, पण मग तसं उघड म्हणावं आणि पक्षकाराचा हिशेब मांडावा.

यादवी वेगळी का असते

प्रभासला यादवांनी एकमेकांना संपवलं, त्यावरून आपल्याकडे हा शब्द आला. बाहेरचा शत्रू नाही, सगळे एकाच कुळातले. दोन देशांचं युद्ध थांबलं की दोन्ही सैन्यं आपापल्या हद्दीत परततात. यादवीत परतायला दुसरी हद्दच नसते. जमीन एक, तिजोरी एक, गादी एक. तह झाला तरी उद्या त्याच गावात शेजारी राहायचं आहे, आणि कुणातरी एका बाजूनं बंदूक खाली ठेवायची आहे.

ती आधी कोणी ठेवायची? यादवी मिटवण्यातली सगळ्यात अवघड गाठ हीच आहे. बंडखोरांनी शस्त्रं टाकली आणि सरकारनं शब्द फिरवला, तर त्यांना दाद मागायला जागा उरत नाही. म्हणून दोन्ही बाजू थकलेल्या असल्या, तहाचा मसुदा तयार असला, तरी लढाई चालूच राहते. बार्बरा वॉल्टर या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी यादव्यांमधल्या वाटाघाटींचा अभ्यास करून हाच मुद्दा मांडला: तहातल्या अटींवर एकमत होणं पुरत नाही, शस्त्रं खाली ठेवल्यानंतरच्या काळाची हमी कुणीतरी घ्यावी लागते, आणि ती घेणारा बहुधा बाहेरचाच असतो.

म्हणजे बाहेरच्या सैन्याला खरोखर करता येण्याजोगं एक काम आहे, ते म्हणजे जामीन राहणं. पण जामीन राहणं आणि एका बाजूला जिंकून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत ती सर्रास एकमेकांत मिसळतात.

‘हस्तक्षेप’ म्हणजे नेमकं काय

निर्बंध, एका बाजूला शस्त्रं देणं, तिच्या लढवय्यांना प्रशिक्षण देणं, हवाई हल्ले, आणि शेवटी जमिनीवर पायदळ. या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो. त्यामुळे वाद घालणारा एक जण औषधांच्या गाड्यांबद्दल बोलत असतो आणि दुसरा रणगाड्यांबद्दल.

यातली फसवी पायरी म्हणजे नो-फ्लाय झोन. ऐकायला वाटतं की आकाशात एक ‘प्रवेश बंद’चा फलक लावायचा. प्रत्यक्षात गस्त घालणारी आपली विमानं पाडली जाऊ नयेत म्हणून त्या देशाची रडार, विमानवेधी क्षेपणास्त्रं आणि नियंत्रण केंद्रं आधी उद्ध्वस्त करावी लागतात. १९ मार्च २०११ ला लिबियात हे काम सुरू झालं तेव्हा अमेरिकी आणि ब्रिटिश नौदलानं पहिल्या फेरीतच शंभराहून अधिक टॉमाहॉक क्षेपणास्त्रं डागली. त्याच दिवशी फ्रेंच विमानांनी बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहराच्या वेशीवर आलेल्या, लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या रणगाड्यांवर हल्ला केला. रणगाडे काही उडत नाहीत. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच गोष्ट आकाशापुरती नव्हती.

कायद्याचे तीन दरवाजे

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं दुसरं कलम दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करतं. त्यातून आत जायला तीन दरवाजे आहेत. सुरक्षा परिषदेची परवानगी, स्वसंरक्षण, किंवा त्या देशाच्या सरकारचं निमंत्रण.

निमंत्रणाचा दरवाजा सगळ्यात सोपा वाटतो, पण यादवी पेटलेली असताना ‘सरकार कोण’ हाच तर वादाचा विषय असतो. बंडखोरांनी बोलावलं तर चालत नाही. निकाराग्वानं अमेरिकेविरुद्ध लावलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९८६ मध्ये हे स्पष्ट केलं: काँट्रा बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा निकाराग्वाच्या अंतर्गत बाबींत बेकायदा हस्तक्षेप आहे. मात्र अर्धा देश हातून गेलेल्या सरकारनं बोलावलं तर चालतं. २०१५ च्या सप्टेंबरअखेर रशियाची विमानं सीरियात उतरली ती असद सरकारच्या निमंत्रणावरून. कायद्याच्या बाजूनं रशियाला फार त्रास झाला नाही. त्या विमानांखाली सापडलेल्या अलेप्पोच्या लोकांना त्याचं काय कौतुक असणार, हा भाग वेगळा.

परवानगीच्या दरवाज्याला पाच कुलपं आहेत: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्सचा नकाराधिकार. १९९९ मध्ये कोसोव्हो प्रांतातल्या अल्बेनियन लोकांसाठी नाटोनं ७८ दिवस युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली ती परिषदेच्या परवानगीशिवाय. नंतर या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगानं ती कारवाई बेकायदा पण समर्थनीय ठरवली. हे वाक्य मला नेहमीच अस्वस्थ करतं, कारण ‘समर्थनीय’ कोणी ठरवायचं याचं उत्तर त्यात नाही.

आणि आपलं स्वतःचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. तरीही ३ डिसेंबरला पाकिस्ताननं भारताच्या हवाई तळांवर हल्ला केल्यावर भारतानं जगापुढे मुख्यतः स्वसंरक्षणाचाच मुद्दा ठेवला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूनं १०४ देश उभे राहिले, विरोधात अवघे ११. आज बांगलादेश मुक्तीकडे आपण यशस्वी हस्तक्षेप म्हणून बघतो. त्या आठवड्यात जग तसं बघत नव्हतं.

जबाबदारीचा ठराव आणि लिबियाचं बिल

१९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. तिथे संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक आधीपासून होते. पहिल्याच दिवशी दहा बेल्जियन सैनिकांना ठार मारण्यात आलं, बेल्जियमनं आपली तुकडी काढून घेतली, आणि दोन आठवड्यांत सुरक्षा परिषदेनं उरलेली फौज २७० पर्यंत खाली आणायचं ठरवलं. कत्तल चालू असताना. त्यामागे सहाच महिन्यांपूर्वीची, सोमालियाच्या राजधानीतली, मोगादिशूची रात्र होती. तिथे १८ अमेरिकी सैनिक मारले गेले होते आणि वॉशिंग्टनला आफ्रिकेतली दुसरी शांतिमोहीम नको होती. सोमालियात हात पोळले आणि किंमत रवांडानं मोजली.

पुढच्याच वर्षी बोस्नियात स्रेब्रेनित्सा हे गाव संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलेलं असताना, डच शांतिसैनिक तिथे तैनात असताना, सर्ब फौजांनी आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. या दोन घटनांच्या लाजेतून २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत देशांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व मान्य केलं. आपल्या लोकांना वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक शुद्धीकरण आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून वाचवणं हे सरकारचं कर्तव्य, आणि ते त्यात उघड कमी पडलं तर सुरक्षा परिषदेमार्फत इतरांनी पुढे यायचं.

सहा वर्षांनी लिबियात ते वापरलं गेलं. १७ मार्च २०११ च्या ठराव १९७३ नं नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ करायला मुभा दिली, फक्त परकं सैन्य ताबा घेऊन बसणार नाही अशी अट घातली. दहा मतं बाजूनं. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. बेनगाझी वाचलं. पण विमानं थांबली नाहीत. ऑगस्टमध्ये त्रिपोली पडलं, २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला, ३१ ऑक्टोबरला नाटोनं मोहीम संपल्याचं जाहीर केलं. नागरिकांचं रक्षण कुठे संपलं आणि राजवट उलथणं कुठे सुरू झालं, याची रेघ कुणालाच दाखवता आली नाही.

नंतर तिथे गादीवर बसायला कोणी एक नव्हता, हत्यारबंद टोळ्या मात्र ढीगभर होत्या. गद्दाफीच्या कोठारांतली शस्त्रं वाळवंट ओलांडून गेली, २०१२ मध्ये मालीच्या उत्तरेत बंड पेटलं आणि जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सला मालीत सैन्य उतरवावं लागलं. २०१४ पर्यंत लिबियात दोन सरकारं होती. ब्रिटिश संसदेच्याच परराष्ट्र व्यवहार समितीनं २०१६ च्या अहवालात म्हटलं की नागरिकांवरच्या धोक्याचा अंदाज फुगवलेला होता आणि पुढची योजना नव्हती. ओबामांनीही गद्दाफीनंतरच्या दिवसाची तयारी न करणं ही आपली बहुधा सर्वांत मोठी चूक असल्याचं कबूल केलं.

या बिलाचा दुसरा हप्ता सीरियानं भरला. लिबियात आपल्याला फसवलं असं म्हणत रशिया आणि चीननं सीरियावरच्या ठरावांना ऑक्टोबर २०११ पासून नकाराधिकार वापरायला सुरुवात केली. मॉस्कोला असद हवाच होता, त्यामुळे लिबिया हे निमित्त होतं असं म्हणणारे चुकीचे नाहीत. पण ते निमित्त त्यांच्या हातात ताटात वाढून दिलं गेलं.

न उतरणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे

इथवर वाचून ‘मग नकोच’ असं वाटलं असेल तर स्पेन बघा. १९३६ मध्ये तिथे यादवी सुरू झाली तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्सच्या पुढाकारानं युरोपातल्या देशांनी हस्तक्षेप न करण्याचा करार केला. जर्मनी आणि इटली त्यात सहभागी होते आणि बंडखोर सेनापती फ्रँकोला विमानं, माणसं पुरवतही होते. २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका या गावावर बॉम्ब टाकले ते त्यांच्याच विमानांनी. सोव्हिएत संघानं दुसऱ्या बाजूला, म्हणजे सरकारला, शस्त्रं दिली. करार ज्यांनी पाळला त्यांनी एका परीनं निकालच लावला.

बोस्नियातही तेच. १९९१ मध्ये साऱ्या युगोस्लाव्हियावर लादलेली शस्त्रबंदी कागदावर सर्वांना सारखी होती. पण जुन्या सैन्याची कोठारं सर्ब बाजूकडे गेलेली असल्यानं तिचा फास बसला तो बोस्नियाकांच्या गळ्याला.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्येच हे ओळखलं होतं. स्वातंत्र्य लोकांनी स्वतः मिळवलेलं नसेल तर ते टिकत नाही, म्हणून बाहेरच्यांनी दूर राहावं, असं तो म्हणे. मात्र दुसरी एखादी सत्ता आधीच आत घुसली असेल, तर तिला तोलून धरण्यासाठी उतरणं त्याला मान्य होतं. अडचण अशी की आजच्या बहुतेक यादव्यांत दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी आधीच घुसलेलं असतं, आणि प्रत्येक जण आपण फक्त तोल सांभाळतो आहोत असं सांगतो. दोन्ही बाजूंना बाहेरून रसद मिळत राहिली की कोणी थकत नाही आणि कोणी जिंकत नाही. युद्ध लांबतं.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियात लष्करी कारवाईच्या बाजूनं सरकारनं आणलेला प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ असा पडला. दमास्कसजवळच्या घूतामधल्या रासायनिक हल्ल्याला आठवडाच झाला होता. त्या सभागृहात बसलेल्यांच्या डोक्यात सीरियापेक्षा २००३ चा इराक जास्त होता, असं मला वाटतं. तेरा मतांचा तो निर्णय शहाणपणाचा होता का? त्यानंतर अमेरिका आणि रशियानं मिळून असदला सुमारे १,३०० टन रासायनिक साठा सोडायला लावला, बॉम्ब न टाकता. पण सगळा साठा गेला नव्हता, हे २०१७ मध्ये सीरियातल्याच खान शेखून गावावरच्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानं दाखवलं. तोवर रशियाचा तळ तिथे पक्का झाला होता. हो म्हणणाऱ्यांना आणि नाही म्हणणाऱ्यांना दोघांनाही पुरावा सापडेल असा हा निर्णय आहे.

मग जमलं कुठे

१९७१ मध्ये जमलं, पण का ते पाहा. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगनं पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या होत्या. गादीवर कोण बसणार याचं उत्तर लोकांनी आधीच दिलेलं होतं. युद्ध १३ दिवसांत संपलं आणि भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये परत आलं.

बोस्नियात १९९५ च्या उन्हाळाअखेर नाटोची बॉम्बफेक झाली, पण तिच्या जोडीला जमिनीवर सर्बांविरुद्ध पुढे सरकणाऱ्या फौजा होत्या आणि वाटाघाटींचं टेबल मांडलेलं होतं. युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर सुमारे साठ हजारांची फौज जामीन म्हणून तिथे गेली. आज तीस वर्षांनीही परदेशी सैनिकांची एक तुकडी तिथे आहे. देश दुभंगलेलाच आहे, पण युद्ध परत पेटलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये मे २००० मध्ये ब्रिटिश सैनिक उतरले ते निवडून आलेल्या सरकारच्या बाजूनं, हे न लपवता.

म्हणून कोणी ‘काहीतरी केलंच पाहिजे’ म्हणालं की मी आधी विचारतो, कोणासाठी? त्याचं नाव सांगता येतं का, आणि त्याला त्या देशातली माणसं ओळखतात का? मग, किती वर्षं? लिबियात सात महिने होते. आणि तिसरं, आपण उतरलो की समोरच्याच्या पाठीशी कोण उभं राहील? ‘नकोच’ म्हणणाऱ्यालाही हेच विचारावं. आपण नाही गेलो तर कोण जाईल?

परत जाफन्यात

भारतानं हे प्रश्न विचारले असते तर बहुधा अडखळला असता. भारत तिथे काठावर नव्हताच. आधीची काही वर्षं तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं भारतातूनच मिळत होती. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. एलटीटीई त्यावर सही करणारी नव्हती. तमिळांना प्रांतिक सत्ता द्यायची आणि बंडखोरांनी शस्त्रं टाकायची, याची हमी भारताची. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर रायफलचा दस्ता उगारला. श्रीलंकेतल्या बहुसंख्य सिंहलींच्या मनात काय चाललंय ते त्या एका क्षणात दिसलं होतं.

ही हमी पाळायला भारताची शांतिसेना गेली तेव्हा जाफन्यात तिचं हारांनी स्वागत झालं. एलटीटीईनं थोडी शस्त्रं दिली, बाकीची ठेवून घेतली. जामीन राहिलेल्याला आता वसुलीला जावं लागणार होतं. ११ ऑक्टोबरच्या रात्री एलटीटीईच्या नेत्यांना पकडायला जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरवले. रेडिओवरची बोलणी ऐकून एलटीटीई आधीच दबा धरून बसली होती. त्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. दहा दिवसांनी जाफना रुग्णालयात गोळीबार झाला, त्यात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या. भारतीय लष्करानं ती चकमक म्हटली, तमिळ त्याला आजही हत्याकांड म्हणतात.

दक्षिणेत सिंहली तरुण भारतीय फौजेच्या विरोधात बंड करून उठले. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी भारताला निघून जायला सांगितलं, आणि त्यांच्या सरकारनं भारतीयांशी लढायला चक्क एलटीटीईलाच शस्त्रं दिली. गादीचे दोन्ही दावेदार एका गोष्टीवर सहमत झाले होते: हा तिसरा जायला हवा.

एके काळी सत्तर-ऐंशी हजारांवर गेलेल्या त्या फौजेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान परतले नाहीत. परतलेल्यांच्या स्वागताला मद्रासमध्ये मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत मी कसं करू, अशी त्यांची भूमिका होती.